वाळू ती वाळू

"त्या बाई म्हणतायत, मऊ वाळूत काठीचं पातं उघडं ठेवायचं, आभाळाकडे कललेलं," बेबी म्हणाली.

"कुठल्या बाई?" रघुवीर आगासकरांनी दारातून विचारलं.

"फोनमधल्या. आपल्या जावयाने पाठवलाय व्हिडिओ, उन्मेषने. तुम्ही बघत नाही, म्हणून मी ऐकतेय."

बेबी ओट्याशी स्टुलावर बसून कोलंबी सोलत होती. फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला होता आणि त्याचा पडदा भिंतीकडे होता. पडद्याचा तिला तसाही उपयोग नव्हता. काचबिंदूने गेल्या काही वर्षांत तिची नजर कडेकडेने खात आणली होती. आता उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळे. कोलंबीला मात्र डोळे लागत नाहीत, असं तिचं मत होतं. पाठीतला काळा दोरा बोटांना आपोआप सापडतो.

"वाळूचे प्रकार असतात म्हणे," ती पुढे म्हणाली. "ओली, घट्ट असली तर पातं सरळ धरायचं आणि खाली घुसवायचं. जाडी, खड्यांची असली तर जरा जोर जास्त. आणि एक मऊ असते, कोरडी, पिठासारखी. तिच्यात ओल्यासारखं मारलंत की काठी रुतलीच. चेंडू जागच्या जागी."

"बेबी, वाळू ती वाळू."

"मी नाही म्हणत. त्या बाई म्हणतायत. इंग्रजी छान आहे त्यांचं."

"त्या बाई कधी चौपाटीवर खेळल्यात का?"

"ते नाही सांगितलं त्यांनी," बेबी म्हणाली आणि एका कोलंबीचं डोकं मुरगळून वेगळं केलं.

रघुवीर आगासकर हे ठाकूरद्वार परिसरातले एकमेव गोल्फपटू होते. असा दावा त्यांनी कधी केला नव्हता, पण तो खोडून काढायलाही कोणी पुढे आलं नव्हतं. गोल्फ खेळणाऱ्याच्या पिशवीत डझनभर काठ्या असतात. लांब मारायची वेगळी, जवळ मारायची वेगळी, भोकात ढकलायची वेगळी. रघुवीरांकडे एकच होती. जड, रुंद पात्याची, वाळूतून चेंडू उपसून काढायची. गोल्फच्या मैदानावर मुद्दाम वाळूचे खड्डे करून ठेवतात, त्यांना बंकर म्हणतात. चांगला खेळाडू त्यात पडत नाही, आणि पडलाच तर लवकर बाहेर येतो. रघुवीर उभ्या आयुष्यात त्याच्या बाहेर गेले नव्हते.

याला कारण दस्तूर साहेब. फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत रघुवीर क्लार्क म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आगासकरांचे पणजोबा एके काळी अर्ध्या गल्लीचे मालक होते. पुढच्या पिढ्यांनी ती गल्ली, कसलीही घाई न करता, व्यवस्थित विकली, आणि रघुवीरांच्या वाट्याला दोन खोल्या आणि अदब आली. त्यांचे साहेब म्हणजे दस्तूर. ते दर रविवारी क्लबात खेळत, दर रविवारी बंकरमध्ये पडत, आणि दर सोमवारी त्याची हकीकत रघुवीरांना ऐकवत. ऐकवून झालं की म्हणत, "अरे आगासकर, एका संडेला ये नी! बायडीला पण घेऊन ये. गेस्ट म्हणून नाव टाकतो तुझं."

"येतो सर," रघुवीर म्हणत. "जरा हात बसू दे."

हात बसायला हातात काहीतरी असावं लागतं, हे साहेबांच्या लक्षात आलं, आणि एका पतेतीला त्यांनी ती वाळूची काठी रघुवीरांना देऊन टाकली. त्यांना ती कधीच चालवता आली नव्हती, आणि दोष काठीचा आहे अशी त्यांची खात्री होती.

त्याच आठवड्यात बेबी कुलाब्याला जाऊन टोपी घेऊन आली. गवती, रुंद काठाची, निळ्या फितीची. क्लबात बायका अशा टोप्या घालून हिरवळीच्या कडेला बसतात आणि नवऱ्याने बरा फटका मारला की टाळ्या वाजवतात, असं तिने एका मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं.

मग हात बसवणं सुरू झालं. पहाटे ट्रॅक्टर चौपाटी साफ करून गेला की रघुवीर टाचेने वाळूत एक खड्डा करत. पलीकडे बेबी वर्तमानपत्र अंथरून बसे. शेजारी जुनी काळी छत्री उघडून उलटी ठेवलेली असे. छत्री म्हणजे भोकाजवळची हिरवळ. चेंडू छत्रीत पडला की टप्प वाजे आणि बेबी म्हणे, "आला." नाही पडला तर ती काही म्हणत नसे. फिरायला येणारी मंडळी आधी हसली, मग सरावली, आणि शेवटी त्यांना हे दोघं दिसेनासे झाले. हळूहळू बेबी छत्रीपर्यंत थांबेनाशी झाली. पातं वाळूत शिरल्याचा आवाज ऐकला की चेंडू हवेत असतानाच सांगायची, "आला." क्वचितच चुकायची. नजर गेल्यावर तर हाच तिचा गोल्फ झाला.

इतर वाळूही रघुवीरांनी पाहिली होती. गणपती विसर्जनानंतर काही दिवस चौपाटीवर पाय ठेवण्यासारखं नसे, तेव्हा ते दादरच्या किनाऱ्यावर जात. एकदा कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेले. तिथल्या वाळूत माशांचे खवले चमकत होते आणि पलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत टाकले होते. पहिलाच फटका इतका सुरेख बसला की चेंडू थेट बोंबलांत गेला. राधाबाई नावाची कोळीण कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "ए भाऊ, ते बोंबील सुकवायला घातलेत, मारायला नाय!" बेबीने तिथल्या तिथे पिशवीभर बोंबील विकत घेऊन प्रकरण मिटवलं, आणि तेव्हापासून आगासकरांकडे सुके बोंबील राधाबाईकडूनच येऊ लागले.

गिरगावात मेट्रोचं खोदकाम चाललं होतं त्या काळात गल्लीच्या तोंडाशी बांधकामाच्या वाळूचा ढीग पडला होता. राखाडी, खडे असलेली वाळू. रघुवीरांनी त्यावरही हात मारून पाहिला. लगेच वॉचमन आला.

"अंकल, ये क्या कर रहे हो?"

"गोल्फ."

वॉचमनने ढिगाकडे पाहिलं, रघुवीरांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "उधर करो ना." उधर म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

तर खड्यांच्या वाळूचा अभ्यास अपुरा राहिला. बाकी गिरगाव काय, दादर काय, कफ परेड काय, समुद्र एकच तर वाळूही एकच, असं रघुवीरांचं पक्कं मत झालं. ती सगळी ओली वाळू होती, हे त्यांच्या ध्यानात येण्याचं काही कारण नव्हतं. ज्याने कोरडी पाहिलीच नाही, तो ओलीला ओली कशाला म्हणेल?

दस्तूर साहेब बोलावत राहिले. रघुवीर हात बसवत राहिले. खरं सांगायचं तर हात केव्हाच बसला होता. अडचण वेगळी होती. क्लबात कोणीतरी विचारणार, "हे कोण?" साहेब सांगणार, "माझा हेडक्लार्क." प्रेमानेच सांगणार, खांद्यावर हात ठेवून सांगणार, पण ते बेबीच्या देखत सांगणार, आणि बेबीच्या डोक्यावर ती टोपी असणार. हे चित्र रघुवीरांच्या डोळ्यांसमोर आलं की त्यांना हात अजून थोडा बसायला हवा असं वाटे.

"आता तरी ये नी," साहेब शेवटी म्हणाले होते. "मी पण म्हातारा झालो."

"पुढच्या महिन्यात, सर. नक्की."

पुढच्या महिन्यात साहेब मुलीकडे कॅनडाला गेले ते गेलेच. टोपी कपाटावर राहिली. बेबीने त्यावर कधी शब्द काढला नाही. फक्त दर दिवाळीला ती टोपी खाली काढून पुसायची आणि पुन्हा वर ठेवायची, आणि हे काम रघुवीर घरात असतानाच करायची.

आता जुई, त्यांची मुलगी, करी रोडला एका उंच टॉवरमध्ये राहत होती. खिडकीतून खाली पाहिलं की जुन्या चाळींची कौलं काड्यापेट्यांसारखी दिसत. तिचा नवरा उन्मेष सहा महिन्यांपूर्वी गोल्फ शिकला होता, कारण त्याच्या कंपनीत वरच्या मजल्यावर जायचं तर लिफ्टपेक्षा गोल्फ बरा पडतो असं त्याच्या लक्षात आलं होतं. सासरे गोल्फ खेळतात हे त्याला ठाऊक होतं, पण ते तो सासऱ्यांच्या गुडघेदुखीसारखं धरून चालला होता. यंदा कंपनीचा मैत्रीचा सामना ठरला, त्यात घरच्यांनाही बोलावलं होतं, तेव्हा त्याला एकदम आठवण झाली.

"बाबा, या ना तुम्ही. नऊ होलची मॅच आहे, एकदम कॅज्युअल. आईंनाही आणा."

जरा हात बसू दे, हे वाक्य रघुवीरांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी बेबीकडे पाहिलं. बेबी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती कुठला रविवार, किती वाजता, गाडी कुठे येणार, यातलं काहीच विचारेना. मग तिने विचारलं, "माझी टोपी कुठेय?"

"येतो," रघुवीर म्हणाले.

रविवारी सकाळी बेबी कोयरीच्या काठाची सुती साडी, जुईने दिलेले कॅनव्हासचे बूट आणि टोपी असा वेष करून जिना उतरली. पहिल्या मजल्यावरची नूपुर दार उघडून दूध आत घेत होती.

"बेबीताई! शूटिंगला?"

"गोल्फला," बेबी म्हणाली. हा शब्द उच्चारायला ती अर्धं आयुष्य थांबली होती, आणि तो तिने अगदी 'बाजारात' म्हणावं तसा उच्चारला.

क्लबाच्या फाटकावर शिपायाने रघुवीरांच्या हातातल्या एकुलत्या एका काठीकडे पाहिलं. "साब, बाकी बॅग पीछे है क्या?"

"एवढीच," रघुवीर म्हणाले.

उन्मेषचे साहेब अभय राजाध्यक्ष हसत पुढे आले. बूट दातांइतके पांढरे. बरोबर त्यांच्या चमूतला चौथा माणूस होता. त्याच्याकडे सगळ्यांत महागडी बॅग होती आणि त्याचं नाव शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

"हे कोण?" त्या चौथ्याने विचारलं.

रघुवीरांनी बेबीच्या टोपीकडे पाहिलं.

"उन्मेषचे सासरे," अभय म्हणाले. "गोल्फर आहेत." आणि चौथा माणूस "ओह, नाइस" म्हणून हातमोजा चढवायला लागला.

एवढंच होतं. ज्या प्रश्नाला भिऊन रघुवीरांनी इतके रविवार चौपाटीवर काढले, त्याचं उत्तर दोन शब्दांत उरकलं होतं, आणि कोणी ऐकलंही नव्हतं.

"काका, उन्मेष सांगत होता, तुम्ही बंकर स्पेशालिस्ट!" अभय म्हणाले. "मग डील अशी. आपल्या टीमचा जो बॉल वाळूत जाईल, तो तुमचा. ओके?"

"डील," रघुवीर म्हणाले. हाही शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला.

सामना सुरू झाला. बेबी जुईच्या शेजारी मैदानावर फिरायच्या छोट्या विजेच्या गाडीत बसली होती. जुईने आईला सगळं वर्णन करून सांगायचं, असं ठरलं होतं.

"आई, आता बाबा चालतायत."

"ते मला ठाऊक आहे गं. चेंडू कुठेय?"

"चेंडू... एक मिनिट हां आई, ऑफिसचा मेल आलाय."

"राहू दे," बेबी म्हणाली. "वास छान आहे इथे. राणीच्या बागेत गवत कापल्यावर येतो तसा."

आठ भोकं झाली. तेवढ्या वेळात त्या चमूचा चेंडू झाडीत गेला, तळ्यात गेला, एकदा दुसऱ्या चमूच्या गाडीच्या टपावर जाऊन बसला. वाळूत मात्र एकदाही गेला नाही. प्रत्येक हिरवळीच्या कडेला पांढरेशुभ्र बंकर पसरलेले होते, आणि प्रत्येक चेंडू त्यांना वळसा घालून जात होता. रघुवीर काठी खांद्यावर टाकून सगळ्यांच्या मागून चालत होते. दुसऱ्याचं वाईट व्हावं अशी प्रार्थना त्यांनी पूर्वी कधी केली नव्हती. ती त्यांनी आज, मनातल्या मनात, क्षमा मागून, प्रत्येक फटक्याला केली.

नवव्या भोकाशी ती ऐकली गेली. अभयचा फटका हिरवळीच्या अलीकडे उतरला, एक टप्पा घेतला, आणि सावकाश घरंगळत सगळ्यांत खोल बंकरमध्ये गेला.

"शिट!" अभय म्हणाले.

"बाबा!" उन्मेष ओरडला. मुलगा झाल्याची बातमी सांगावी, असा ओरडला.

जुई तोपर्यंत फोन कानाला लावून क्लबहाउसकडे गेली होती. जाताना तिने गाडी बंकरच्या कडेलाच उभी केली होती. बेबी गाडीत ताठ बसली, टोपी सारखी केली आणि हात मांडीवर ठेवले.

रघुवीर खड्ड्यात उतरले. पाय बुटाच्या नाडीपर्यंत आत गेला.

चौपाटीवर टाच रोवावी लागते, फिरवून फिरवून. इथे वाळूने काही विरोधच केला नाही. साखरेसारखी पांढरी होती आणि पिठासारखी सरकत होती. वाळूतून मारताना आधी काठीने किंवा हाताने ती चाचपायची नाही, असा या खेळाचा नियम आहे. कळायचं ते पायांनाच कळतं. रघुवीरांच्या पायांना कळलं. ही ती नव्हे.

त्यांना फोनमधल्या बाई आठवल्या. त्यांनी पातं जरासं उघडं करून पाहिलं. काठी एकदम दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागली. आयुष्यभर बसवलेला हात एका वाक्यावर उठायला तयार नव्हता. त्यांनी वर पाहिलं. बेबीचं तोंड त्यांच्याकडे होतं, म्हणजे तिच्या अंदाजाने त्यांच्याकडे, खरं तर थोडं डावीकडच्या झाडाकडे. निळ्या फितीचा रंग पार उडाला होता.

रघुवीरांनी पातं पुन्हा सरळ केलं, आणि मारलं. चौपाटीवर मारत तसंच.

थप्प असा ओळखीचा आवाज आला नाही. फस्स झालं. पांढरा धुरळा उडाला आणि सगळ्यांच्या डोक्यावर सावकाश खाली बसला. काठी हलवता हलेना, इतकी आत रुतली होती. चेंडू वीतभर उडाला, परत पडला, आणि घरंगळत रघुवीरांच्याच पावलाच्या खळग्यात येऊन थांबला.

चौथ्या माणसाने खांद्यावरची वाळू झटकली.

तेवढ्यात बेबीने टाळ्या वाजवल्या. मासिकातल्या बायका वाजवत असतील तशा, बोटांनी, मोजक्या.

"आला ना हो?" तिने विचारलं.

उन्मेष स्वतःच्या बुटांकडे बघत होता. चौथा माणूस महागड्या बॅगेत काहीतरी शोधायला लागला. अभय रघुवीरांकडे बघत होते.

"आला," रघुवीर म्हणाले.

अभय पुढे आले, आवाज न करता वाकले, चेंडू उचलून खिशात टाकला आणि मोठ्याने म्हणाले, "ब्यूटी, काका! काय शॉट!" श्रीमंतांच्या क्लबांबद्दल बरंच वाईट बोललं जातं, आणि त्यातलं बहुतेक खरं असतं, पण सफाईने खोटं बोलायचं तर तिथल्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. त्या चेंडूपायी ते सामना हरले. त्याचा उल्लेख नंतर कोणी केला नाही.

"थांबा, मी येते," बेबी म्हणाली. ती गाडीतून उतरली, दोन पावलं चालली आणि तिसरं पाऊल सरळ बंकरमध्ये पडलं. रघुवीरांनी तिला दंडाला धरून सावरलं.

"अगंबाई!" ती म्हणाली. "किती मऊ आहे हो ही!"

रघुवीरांनी तिला उन्मेषच्या हाती दिलं. मग कडेला ठेवलेलं दाताळं घेतलं. बंकरमधून बाहेर पडताना आपल्या पावलांच्या खुणा आपणच मोडायच्या, असाही नियम आहे, आणि रघुवीरांना नियम पाठ होते. त्यांनी स्वतःची पावलं मोडली, काठीचा खड्डा बुजवला, आणि शेवटी बेबीच्या लहानशा बुटांच्या खुणांवरूनही दाताळं ओढलं. वाळू पुन्हा अशी झाली, की जणू तिथे कोणी येऊनच गेलं नव्हतं.

जेवायला क्लबात मासा होता. बेबीने एक घास खाल्ला आणि हळूच म्हणाली, "कुठला मासा ते ओळखता येत नाही, म्हणजे तो मासाच नव्हे." यावर जुई हसली, उन्मेष जरा जास्तच हसला. घरी सोडताना तो जिन्यापाशी म्हणाला, "बाबा, नेक्स्ट टाइम आपण आधी जाऊन प्रॅक्टिस करू."

"हो तर," रघुवीर म्हणाले. "हात बसायला हवा."

संध्याकाळी दोघं चौपाटीवर गेली. रविवारची गर्दी होती. भेळेच्या गाड्या, फुगे, धावणारी पोरं. पाण्याजवळ जरा रिकामी जागा होती, तिथे रघुवीरांनी वर्तमानपत्र अंथरलं. बेबी सकाळचेच बूट घालून आली होती. टोपी घरी कपाटावर गेली होती.

"काठी नाही आणलीत?" खाली बसता बसता तिने विचारलं.

"एवढ्या गर्दीत कुठे मारणार?"

"हं."

एक पोरगी फुगा सुटला म्हणून रडत गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"बेबी, सकाळचा तो आला नव्हता."

"माहितेय."

"उन्मेष बोलला?"

"तो कशाला बोलतोय बिचारा. मी ऐकलं ना. तो काय बाहेर आल्याचा आवाज होता? पिठाच्या डब्यात वाटी खुपसावी तसा."

"मग टाळ्या का वाजवल्यास?"

"टोपी घातली होती ना. ती घालून टाळ्या वाजवायच्या नाहीत, तर काय करायचं?"

रघुवीर हसले. मग हसू ओसरलं. "त्या बाई बरोबर सांगत होत्या. पातं उघडं ठेवायला हवं होतं."

"त्यांना काय. त्यांच्याकडे सगळ्या प्रकारची वाळू होती," बेबी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "मला एक सांगा. दस्तूर साहेब बोलावत होते तेव्हा गेलो असतो, तरी नसताच आला ना तो बाहेर?"

रघुवीरांनी विचार केला. खोटं बोलायला आता काही अर्थ नव्हता. "नसता आला."

"मग तेव्हाच न्यायचं होतंत हो," बेबी म्हणाली. "न आलेला का होईना, मला दिसला असता."

तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. तक्रारीचा असता तर उत्तर देता आलं असतं.

"बुटात काहीतरी टोचतंय," ती मग म्हणाली. तिने उजव्या पायातला बूट काढला, उलटा करून झटकला. सकाळची वाळू त्यातून भुरूभुरू खाली पडली, मूठभरही नसेल. चौपाटीच्या काळपट ओल्या वाळूवर तिचा छोटासा ढीग झाला. बेबीने बोटाने तो चाचपला, चिमटीत धरून चोळला.

"किती बारीक आहे. पांढरी आहे का हो?"

रघुवीरांनी वाकून पाहिलं. खालचं पाणी ढिगात वर चढत होतं. कडा आधी करड्या झाल्या, मग मधला भाग, आणि मग कुठली वाळू कुठली ते ओळखू येईना.

"होती," ते म्हणाले.